पैलवान निघाला की संघटना काय करते? तीन वर्षांची बंदी, दोन 'महाराष्ट्र केसरी' आणि माँट्रियलची घंटा

बेळगाव-निपाणी : २ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री अहिल्यानगरच्या वाडिया पार्क मैदानावर जे घडलं, त्याचे व्हिडिओ सीमाभागातल्या प्रत्येक तालमीच्या ग्रुपवर फिरले. ६७ व्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत गादी विभागाची शेवटची कुस्ती होती. पुण्याचा पृथ्वीराज मोहोळ विरुद्ध नांदेडकडून खेळणारा शिवराज राक्षे. पंचांनी राक्षे चितपट झाल्याचा निकाल दिला. 'माझे दोन्ही खांदे टेकलेलेच नाहीत, फेरतपासणी करा' असं राक्षेचं म्हणणं होतं. ती काही झाली नाही. मग त्याने पंचांची कॉलर धरली, लाथ मारली. पुढे किताबाच्या लढतीत माती विभागातून आलेला सोलापूरचा महेंद्र गायकवाड पंचांशी वाद घालून, वेळ संपायला काही सेकंद उरले असतानाच आखाडा सोडून गेला. मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला. राक्षे आणि गायकवाड या दोघांवर लगोलग तीन तीन वर्षांची बंदी आली.

पंचावर हात उचलणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे, त्यात दुमत असायचं कारण नाही. उद्या गावच्या जत्रेतला पंचही पैलवानाला घाबरायला लागला तर कुस्ती बंदच करावी लागेल. पण त्या रात्रीनंतर तालमीतून जी चर्चा चालली ती लाथेपुरती नव्हती. दोनदा महाराष्ट्र केसरी झालेला पैलवान आणि एकदा उपविजेता ठरलेला पैलवान, दोघेही एकाच रात्री संघटनेच्या दाराबाहेर गेले. आता ते जाणार कुठं? आणि संघटनेला त्यांची गरज आहे की त्यांना संघटनेची?

हा प्रश्न नीट कळायला आधी संघटनेच्या हातात नेमकं काय असतं ते बघावं लागतं.

गदा संघटनेची, पैलवान कुणाचा?

महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद १९५३ साली स्थापन झाली. मामासाहेब मोहोळ हे तिचे संस्थापक, आणि आजही विजेत्याला मिळणारी गदा त्यांच्याच नावाची. महाराष्ट्र केसरीचा किताब १९६१ पासून. पहिले मानकरी दिनकर दह्यारी. पुढची साठ वर्षं किताब एकच, संघटना एकच, त्यामुळे पैलवानाला रुसून जायला दुसरं घरच नव्हतं. पटो न पटो, गदा हवी तर याच दारात यायचं.

ते चित्र २०२२ मध्ये मोडलं. भारतीय कुस्ती महासंघाने परिषदेची कार्यकारिणी बरखास्त केली. शरद पवार तेव्हा परिषदेचे अध्यक्ष होते. त्यानंतर रामदास तडस यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर संघ पुढं आला, जुन्या परिषदेने हार मानली नाही, प्रकरण कोर्टात गेलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याचं फळ सगळ्यांनी पाहिलं : फुलगावात सिकंदर शेख महाराष्ट्र केसरी आणि धाराशिवात शिवराज राक्षे महाराष्ट्र केसरी. एकाच महिन्यात दोन. २०२५ मध्ये तर दोन्ही स्पर्धा एकाच जिल्ह्यात झाल्या. फेब्रुवारीत अहिल्यानगर शहरात मोहोळ, मार्चमध्ये कर्जतला वेताळ शेळके. गंमत म्हणजे या सगळ्या काळात दिल्लीतला महासंघही धड नव्हता. ऑगस्ट २०२३ मध्ये जागतिक संघटनेने त्याला निलंबित केलं, डिसेंबरमध्ये केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने. मंत्रालयाचं निलंबन उठलं ते मार्च २०२५ मध्ये. म्हणजे अहिल्यानगरात पैलवानांवर बंदी आली त्या दिवशी वरचा महासंघ स्वतःच मंत्रालयाच्या यादीत निलंबित होता.

आता संघटनेची खरी ताकद कशात आहे? पैशात नाही. पैलवानाचा खुराक, बदाम, दूध, तूप, वस्तादाची बिदागी हे सगळं चालतं ते मैदानांवर. जानेवारी-फेब्रुवारीपासून उन्हाळाभर गावोगावच्या यात्रा कमिट्या मैदानं भरवतात, जोड लावतात, इनाम जाहीर करतात. बेळगावच्या आनंदवाडी आखाड्यात कुस्ती लागली की पंजाब-हरियाणाचे, कधी इराणचेही पैलवान येतात. तिथं बघणारा माणूस जोड बघायला येतो, कुणाचा कागद कुठल्या संघटनेचा हे विचारत नाही.

संघटनेची ताकद आहे ती किताबात आणि प्रमाणपत्रात. राज्याच्या संघात निवड, राष्ट्रीय स्पर्धा, तिथलं पदक, आणि त्यावर मिळणारी नोकरी. नरसिंग यादव सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी झाला, विजय चौधरीही सलग तीन वेळा. दोघेही पोलीस उपअधीक्षक झाले. राहुल आवारेने राष्ट्रकुलात सुवर्ण आणि जागतिक स्पर्धेत कांस्य आणलं, तोही पोलीस उपअधीक्षक. शेतकऱ्याच्या, गवळ्याच्या, हमालाच्या घरातलं पोर दहा-बारा वर्षं लाल मातीत घाम गाळतं ते या एका आशेवर. तीन वर्षांची बंदी मैदान बंद करत नाही, ही आशा बंद करते. विशी-तिशीतल्या पैलवानाची तीन वर्षं म्हणजे त्याचं अर्धं आयुष्यच समजा.

आणि इथेच अहिल्यानगरचा निर्णय कच्चा वाटतो. एकाने पंचाच्या अंगाला हात लावला, दुसरा वाद घालून निघून गेला. दोन वेगळे गुन्हे, शिक्षा मात्र सारखी. त्यातून राक्षेची मूळ तक्रार, म्हणजे खांदे टेकले होते की नाही, ती शिक्षेच्या गोंधळात बाजूलाच पडली. आंतरराष्ट्रीय नियमांत गादीवर तिघे असतात : मधला पंच, बाजूचा पंच आणि प्रमुख. चितपटीचा निकाल एकट्या मधल्या पंचाचा नसतो, त्याला दुजोरा लागतो. तो दुजोरा कसा मिळाला, कॅमेऱ्यात काय दिसतं, हे त्याच रात्री मोठ्या पडद्यावर दाखवलं असतं तर लाथेचा निषेध करणं संघटनेला जास्त सोपं गेलं असतं. आधी शिक्षा आणि मग खुलासा हा क्रम लावला की लोकांना शिक्षा हाच खुलासा वाटायला लागतो.

माँट्रियल, १९९७

चांगला पैलवान हातचा जाणार अशी चिन्हं दिसली की संघटना घाबरते आणि घाबरली की चुकते. याचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण मात्र आपल्या कुस्तीतलं नाही. ते आहे अमेरिकेतल्या डब्ल्यूडब्ल्यूएफचं, ज्याची पत्त्यांची कार्डं नव्वदच्या दशकात निपाणीपासून खानापूरपर्यंत शाळेच्या दप्तरांत सापडायची. गुलाबी-काळ्या पोशाखातला ब्रेट हार्ट त्या पिढीला नक्की आठवत असेल.

ती कुस्ती आपल्या भाषेत नूरा कुस्ती. कोण जिंकणार ते आधी ठरलेलं. पण आपल्याकडे नूरा हा शिवीसारखा शब्द, तिथं तो उघड धंदा. म्हणूनच तिथं पैलवानाच्या जाण्याला वेगळंच वजन आहे. किताब ज्याच्या कमरेला आहे तो त्या कंपनीच्या गोष्टीतला नायक. तो उद्या समोरच्या कंपनीत गेला तर गोष्टच तिकडे जाते.

ब्रेट हार्टने १९९६ मध्ये मालक विन्स मॅकमॅहन यांच्याशी वीस वर्षांचा करार केला होता. कुस्तीच्या धंद्यात असा करार कुणी ऐकला नव्हता. पण टेड टर्नर यांच्या पैशावर उभी असलेली डब्ल्यूसीडब्ल्यू ही कंपनी तेव्हा टीव्हीच्या आकड्यांत पुढे होती, मॅकमॅहनची तिजोरी आटत होती. वर्षभरातच मालकाने पैलवानाला सांगितलं की एवढे पैसे मला झेपणार नाहीत, तू तिकडे बोलून बघ. म्हणजे जायचं दार मालकानेच उघडलं, हे लक्षात ठेवायला हवं. नोव्हेंबर १९९७ च्या सुरुवातीला हार्टने समोरच्यांशी करार केला.

अडचण एकच होती. किताब हार्टकडे होता. आणि पुढची मोठी कुस्ती ९ नोव्हेंबरला कॅनडातल्या माँट्रियलमध्ये होती. हार्ट कॅनडाचा, तिथल्या लोकांचा तो राष्ट्रीय नायक. समोर शॉन मायकल्स, ज्याच्याशी त्याचं पडद्यामागेही पटत नव्हतं. हार्टचं म्हणणं होतं : किताब सोडतो, पण माझ्या देशात, माझ्या माणसांसमोर, या माणसाकडून हरणार नाही. पुढे कुठंही, दुसऱ्या कुणाकडूनही हरवा. त्याच्या करारात शेवटच्या दिवसांत स्वतःच्या भूमिकेवर काही अधिकार राखलेला होता, त्यामुळे हा नुसता हट्ट नव्हता, कागदावरचा हक्क होता.

मॅकमॅहनची भीतीही हवेतली नव्हती. डिसेंबर १९९५ मध्ये त्यांच्याच कंपनीची महिला विजेती किताबाचा पट्टा घेऊन डब्ल्यूसीडब्ल्यूच्या थेट कार्यक्रमात गेली होती आणि कॅमेऱ्यासमोर तो कचऱ्याच्या डब्यात टाकला होता. पुन्हा तसं झालं तर कंपनीची अब्रूच जाणार.

मग वरवर ठरलं की कुस्ती गोंधळात संपेल, निकाल लागणार नाही. प्रत्यक्षात मायकल्सने हार्टला त्याच्याच खास डावात, शार्पशूटरमध्ये अडकवलं. हार्टने हार कबूल केलेली नसतानाच मॅकमॅहन रिंगच्या कडेला उभं राहून ओरडले : घंटा वाजवा. घंटा वाजली. पंच पळत बाहेर गेला. हार्टला काय झालं ते कळायला क्षणभर लागला, मग तो मालकाच्या तोंडावर थुंकला, हवेत बोटाने समोरच्या कंपनीची अक्षरं काढली, आणि आत गेल्यावर मालकाला एक ठोसा मारला. ठरलेल्या कुस्तीतली ती एकमेव न ठरलेली गोष्ट.

लाथ आणि ठोसा यांच्यात फरक फार नाही. पण माँट्रियलमध्ये ठोसा खाणाऱ्याने पोलीस बोलावले नाहीत. चूक कुठं झाली हे त्याला माहीत असावं.

पुढे काय झालं ते जास्त महत्त्वाचं. हार्टचे दोन मेहुणे, डेव्ही बॉय स्मिथ आणि जिम नाइडहार्ट, त्याच्या मागोमाग गेले. मिक फोलीसारखा पैलवान निषेध म्हणून दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमाला आला नाही. धाकटा भाऊ ओवेन करारामुळे तिथंच राहिला. मे १९९९ मध्ये कॅन्सस सिटीत छतावरून रिंगमध्ये उतरण्याच्या एका खेळात तो पडला आणि गेला. ब्रेटला डब्ल्यूसीडब्ल्यूने घेतलं खरं, पण इतक्या महागड्या पैलवानाचं करायचं काय हेच त्यांना उमगलं नाही. डिसेंबर १९९९ मध्ये डोक्याला मार बसला आणि त्याची कारकीर्द संपली. मार्च २००१ मध्ये मॅकमॅहननी ती कंपनीच विकत घेतली.

म्हणजे हिशोबाने बघितलं तर ज्याने दगा दिला तोच जिंकला. माँट्रियलनंतर लोक मॅकमॅहनचा इतका राग करू लागले की त्यांनी स्वतःलाच खलनायक म्हणून पडद्यावर आणलं आणि १९९८ च्या एप्रिलपासून त्यांचे आकडे वर जाऊ लागले. हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. पण हा फायदा नूरा कुस्तीतच होऊ शकतो, जिथं लोकांचा रागसुद्धा तिकिटात बदलता येतो. निकाली कुस्तीत राग आला की माणूस मैदानावर यायचा थांबतो. आणि ब्रेट हार्ट परत त्या कंपनीच्या रिंगमध्ये उभा राहिला तो ४ जानेवारी २०१० ला. बारा वर्षं गेली मधे.

निपाणीच्या पोराने जायचं कुठं?

हा सगळा विषय सीमाभागात जरा जास्तच टोचतो, कारण आपल्याकडे पैलवानाचं जाणं ही रोजची गोष्ट आहे. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव पाऊणशे, आणि राज्य संघटना जिथं बसते ते बंगळूर पाचशेहून जास्त. चिकोडी, निपाणी, हुक्केरीकडच्या बापाने पोराच्या अंगात दम बघितला की तो त्याला कोल्हापूरला टाकतो. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी. शाहू महाराजांच्या काळापासून हा रस्ता मळलेला आहे. खासबागचं मैदान १९१२ चं, तेव्हा ना कर्नाटक होतं ना महाराष्ट्र.

याच रस्त्याने श्रीपती खंचनाळे गेले. गाव एकसंबा, तालुका चिकोडी. कोल्हापुरात तयार झाले आणि १९५९ मध्ये पहिले हिंदकेसरी झाले. तारखा नीट बघा. १९५६ मध्ये बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला होता, कोल्हापूर द्विभाषिक मुंबई राज्यात होतं, आणि महाराष्ट्र जन्मायला अजून एक वर्ष बाकी होतं. म्हणजे महाराष्ट्र ज्यांना आपला पहिला हिंदकेसरी म्हणतो त्यांचं जन्मगाव तेव्हाही पलीकडच्या राज्यात होतं आणि आजही आहे. १४ डिसेंबर २०२० ला कोल्हापुरात ते गेले तेव्हा एकसंबा आणि कोल्हापूर, दोन्हीकडे डोळ्यांत पाणी होतं. त्यांना कुणी 'तू कुठल्या संघटनेचा' म्हणून अडवल्याची गोष्ट आजवर कुणी सांगितलेली नाही. वस्तादाने ठेवून घेतलं, एवढं पुरे होतं.

आज तेवढं पुरत नाही. महाराष्ट्र केसरीला पैलवान येतो तो जिल्ह्याच्या किंवा शहराच्या संघातून. बेळगाव हा महाराष्ट्राचा जिल्हा नाही. म्हणजे गंगावेशीत एकाच खोलीत राहून, एकाच वस्तादाच्या हाताखाली, एकाच पातेल्यातलं दूध पिऊन वाढलेली दोन पोरं. करवीर तालुक्यातलं महाराष्ट्र केसरीच्या निवड चाचणीला जातं, निपाणीचं कर्नाटकाच्या स्पर्धेला. म्हैसूरच्या दसऱ्याची कुस्ती, तिथली गदा, हे मान मोठेच आहेत. पण तालमीतल्या भिंतीवरच्या फोटोंमध्ये ज्यांच्याकडे बघून तो जोर मारतो ते सगळे महाराष्ट्राचे.

महाराष्ट्रातल्या पैलवानाला निदान जिल्हा बदलता येतो. शिवराज राक्षे मूळचा पुणे जिल्ह्यातल्या राजगुरुनगरकडचा, खेळला नांदेडकडून. आपल्या जिल्ह्यात स्पर्धा जास्त असेल तर दुसऱ्या जिल्ह्याच्या संघात जायचं, हे सर्रास चालतं आणि त्याला कुणी फितुरी म्हणत नाही. राज्य बदलायचं म्हटलं की मात्र जुन्या संघटनेचं ना-हरकत पत्र, नव्या संघटनेची नोंदणी, रहिवासाचा दाखला असं सगळं सुरू होतं. महाराष्ट्र सरकारने ८६५ सीमागावांतल्या मराठी माणसांना आपल्या नोकऱ्यांसाठी अर्ज करायची मुभा दिलेली आहे. पैलवानाला त्याचा पुरा उपयोग व्हायचा तर पदकही हातात हवं, आणि ते पदक कुठल्या राज्याच्या बनियनवर मिळवलं हा प्रश्न तिथं येतोच.

त्यात आता महाराष्ट्रात दोन संघटना. निपाणीच्या पोराने सगळे कागद जमवून उंबरठा ओलांडलाच, तर पलीकडे दोन दारं आहेत आणि दोन्ही दारांवर 'खरं घर हेच' अशी पाटी. चुकीच्या दारात गेला तर त्याचं प्रमाणपत्र उद्या नोकरीच्या टेबलावर चालेल की नाही, हे कोर्टाच्या तारखेवर. दोन संघटनांचं भांडण नेत्यांना परवडतं. त्यांना खुराक लागत नाही.

पैलवान जातो तेव्हा त्याला धरून ठेवायचं साधन बंदी नाही, हे तालमीतल्या जुन्या वस्तादांना माहीत असतं. पोरगं दुसऱ्या तालमीत निघालं की चांगला वस्ताद त्याला बसवून विचारतो : काय कमी पडलं? जोडीला तगडा मल्ल नाही का, खुराकाची अडचण आहे का, की कुणी अपमान केला? कारण खरं असेल तर तो स्वतः पुढच्या वस्तादाला निरोप पाठवतो. अशा पोराची पहिली गदा आली की ती आधी जुन्या तालमीच्या पायरीवर येते. संघटनेकडे असं विचारणारा माणूस नाही, तिच्याकडे शिस्तपालन समिती असते.

राक्षे-गायकवाड प्रकरणात करता येण्यासारखं बरंच होतं. पंचावर हल्ल्याची शिक्षा ताबडतोब, पण ठरावीक सामन्यांपुरती. निकालाची तपासणी वेगळी, बाहेरच्या पंचांकडून, व्हिडिओसकट जाहीर. आखाडा सोडल्याची शिक्षा हल्ल्यापेक्षा कमी. आणि दोघांना बोलावून त्यांची बाजू ऐकल्यावरच वर्षांचा आकडा. यातलं काहीही नियमाबाहेरचं नाही, खर्चाचंही नाही. फक्त रात्री साडेअकराला माईक हातात असताना हे सुचत नाही.

सीमाभागातल्या पालकांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. पोराला कोल्हापूरला टाकताना तालमीचा प्रवेश आणि संघटनेची नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पहिल्याच दिवशी वस्तादाशी बोलून घ्यावं. कर्नाटकात वयोगटाच्या जिल्हा-राज्य स्पर्धांत खेळवलं असेल तर ती प्रमाणपत्रं जपून ठेवावीत, कारण पुढे ना-हरकत मागताना तीच लागतात. राज्य बदलायचा विचार असेल तर तो वयोगटातच करावा. वरिष्ठ गटात नाव झाल्यावर जुनी संघटना सहजी सोडत नाही आणि नवी संघटना आपल्या पोरांच्या जागेवर बाहेरचं पोर सहजी घेत नाही.

यंदाही जत्रांचा हंगाम येईल. हलगी वाजेल, बंदी असलेले आणि नसलेले पैलवान त्याच मातीत उतरतील, आणि पहिल्या नंबरच्या जोडीला मैदान तुडुंब भरेल.